घरात काडीला मुळं फुटवताना: बेळगाव भागातल्या हवेला धरून, टप्प्याटप्प्यानं

जास्वंदीची काडी लावली, दहा दिवसांत वर हिरवा कोंब आला, तो घरातल्या सगळ्यांना दाखवून झाला आणि तिसऱ्या आठवड्यात काडी खालून काळी पडली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत दर पावसाळ्यात हे होतं आणि खापर फुटतं "हाताला गुण नाही" यावर. हाताचा इथं काही संबंध नाही. काडी मरते ती बहुतेक वेळा पाण्यापायी. एक तर बुडाशी पाणी जास्त होतं, नाहीतर पानांतून उडून जातं.

काडीला मुळं नसतात. कापलेल्या टोकातून ती थोडंसंच पाणी ओढू शकते, पण पानांतून पाणी जायचं काही थांबत नाही. म्हणून काडीला पाणी पाजत बसू नका, तिच्या अंगात आहे ते पाणी राखा. पुढचे बहुतेक टप्पे याच एका कामासाठी आहेत, आणि त्यांचा क्रम बदलला की काम बिघडतं.

टप्पा १: दिवस आणि झाड ठरवा

काडी ज्या कपातल्या मिश्रणात लावायची ते मिश्रण मुळं फुटायला २० ते २५ अंश उबदार लागतं. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १३-१४ अंशांवर येतो आणि फरशीवर ठेवलेला कप रात्रभर गार पडून राहतो. अशा वेळी काडी मरत नाही, पण नुसती बसून राहते, आणि जितकी जास्त बसते तितकी कुजायची भीती वाढते. हिवाळ्यात लावायचीच असेल तर कप फरशीवरून उचलून फळीवर ठेवा.

जून अखेर ते सप्टेंबर हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ. जास्वंद, मोगरा, अबोली, रातराणी, तगर, अनंत, क्रोटन यांच्या काड्या या दिवसांत लावा. फेब्रुवारी-मार्चमध्येही जास्वंद आणि बोगनवेल येते. फक्त अथणी-चिकोडीकडच्या कोरड्या हवेत तेव्हा काडीवर झाकण घातल्याशिवाय चालत नाही. गुलाब ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घ्यावा, त्याला थोडी थंडी चालते.

पहिल्यांदाच करत असाल तर कोलिअस, तुळस, शेवंती किंवा ओव्याचं पान यांच्यापासून सुरुवात करा. मोगरा, जास्वंद, अबोली मधल्या कष्टाचे. अनंत आणि बोगनवेल संयम मागतात. हारवाल्याकडून आणलेल्या किंवा पुष्पगुच्छातल्या गुलाबाच्या दांड्यांमागे वेळ घालवू नका. त्या तोडून बरेच दिवस झालेले असतात आणि त्यातल्या जाती स्वतःच्या मुळांवर नीट वाढतही नाहीत. देशी गुलाब किंवा बटण गुलाब घ्या. सोनचाफ्याची काडी घरात लावून जवळजवळ कधीच जगत नाही, त्याचं कलमाचं रोप आणावं.

तुळशीबद्दल एक. रविवारी किंवा द्वादशीला तुळस तोडत नाहीत अशा घरांनी लावायचा दिवस आधीच दुसरा ठरवावा. आदल्या दिवशी काडी काढून ठेवली की ती मलूल होते.

टप्पा २: मिश्रण आणि कप आधी तयार ठेवा

काडी कापण्याच्या आदल्या दिवशी हे काम संपलेलं हवं. आधी काडी आणायची आणि मग माती शोधायला परड्यात जायचं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

मिश्रणात बागेची माती नको. खानापूर भागातली लाल माती कपात दोन पाण्यातच घट्ट बसते. अथणीकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की आकसून काडीपासून सुटते. दोन्हींत बुडाला हवा मिळत नाही. शेणखत, गांडूळ खतही आता नको. बुरशी आणि बारीक काळे चिलट त्यातूनच येतात आणि मुळं नसलेल्या काडीला खताचा उपयोगही नसतो.

चालणारी मिश्रणं तीन:

- धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि धुतलेली जाड वाळू, निम्मं-निम्मं.
- कोकोपीट आणि परलाइट (पांढरे, हलके फुगवलेले खडे), निम्मं-निम्मं.
- कोकोपीट आणि जाळलेली भाताची तुसं, निम्मी-निम्मी. खानापूर-बेळगावकडच्या भाताच्या गिरणीत तुसं सहज मिळतात.

तुसं पत्र्यावर पेटवा आणि काळी झाली की लगेच पाणी मारून विझवा. पांढरी राख होऊ देऊ नका. राख मिश्रणाला खारं करते. विझलेली तुसं दोनदा पाण्यातून काढा.

वाळूच्या जागी बहुतेकांना बांधकामावरची एम-सँडच (दगड भरडून केलेली वाळू) मिळते. गिलाव्याची बारीक पी-सँड नको, काँक्रीटची जाड घ्या. या जाड एम-सँडमध्येही दगडाची पूड खूप असते. बादलीत पाणी घालून हातानं ढवळा, गढूळ पाणी ओता, पुन्हा भरा. चार-पाच वेळा तरी लागतं. पूड राहिली तर ती कपाच्या तळाशी जाऊन सिमेंटासारखी बसते आणि भोकं बंद करते.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट साधारण ४ लिटर पाण्यात भिजवली की ८-९ लिटर भुसा होतो. दहा-बारा कपांना त्यातलं दीड लिटरही पुरतं. त्यात क्षार असतात म्हणून दोनदा भिजवून पिळून घ्या. शेवटी सगळ्या मिश्रणावर उकळतं पाणी ओता, झाका आणि पूर्ण गार होऊ द्या.

तपासा: मूठभर मिश्रण घट्ट दाबा. एक-दोन थेंब पडले तर बरोबर. धार लागली तर पसरून वाळवा. मूठ उघडल्यावर भुसभुशीत सुटलं तर पाणी कमी आहे.

कप २०० मिलिलिटरचा, पारदर्शक प्लास्टिकचा घ्या. तळाला तापल्या सुईनं चार भोकं. हा कप दुसऱ्या रंगीत कपात बसवा, त्याच्याही तळाला भोकं पाडून. मुळं उजेडापासून पळतात, म्हणून बाहेरचा कप, आणि आतला पारदर्शक यासाठी की पुढे काडी न हलवता मुळं बघता यावीत. एवढ्या एका सोयीनं पुष्कळ काड्या वाचतात, कारण उपटून बघायचा मोह राहत नाही.

टप्पा ३: काडी काढणं

आदल्या संध्याकाळी आईझाडाला भरपूर पाणी द्या. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान कापा, तेव्हा फांदी पाण्यानं भरलेली असते. दुपारची काडी कापतानाच तहानलेली असते.

फांदी कशी निवडायची हे हातानं कळतं. जास्वंदीची यंदा वाढलेली फांदी दोन बोटांत धरून हळूच वाकवा. रबरासारखी वाकून परत सरळ झाली तर अजून कोवळी आहे. काडकन तुटली तर फार निबर. थोडी वाकून मग मोडली आणि एका बाजूची साल लोंबत राहिली, तर ती हवी तशी अर्धी निबर आहे. जास्वंद, मोगरा, अबोली, अनंत यांना हीच लागते. जास्वंदीची जाडी पेन्सिलीएवढी किंवा किंचित कमी, मोगऱ्याची त्याहून बारीक. बोगनवेलीला याहून निबर फांदी चालते. शेवंती, कोलिअस, तुळस यांचे मात्र ७-८ सेंटीमीटरचे कोवळे शेंडेच घ्यायचे.

फूल, कळी किंवा मंजिरी असलेली फांदी टाळा. दुसरी नसेल तर ती आधी खुडा. पानामागं पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसला तर त्या झाडाला आज हात लावू नका.

ब्लेड नवं घ्या, स्पिरिटनं पुसा. प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसा. बोथट कात्रीनं बूड चेचतं आणि चेचलेलं बूड कुजतं. झाडावरून कापायला कात्री चालेल, पण शेवटचा काप ब्लेडचाच हवा.

लांबी १२ ते १५ सेंटीमीटर, तीन-चार डोळे. उसाची टिपरी लावणाऱ्याला डोळा सांगायला नको. इथंही पान दांडीला जिथं जोडलेलं असतं तो सांधा म्हणजे डोळा, आणि मुळं सगळ्यात लवकर त्याच्याच आसपास फुटतात. म्हणून खालचा काप डोळ्याच्या खाली ३ ते ५ मिलिमीटरवर आणि तिरका. वरचा काप डोळ्याच्या वर १ सेंटीमीटर आणि सरळ.

सावध: उसाची टिपरी आडवी पुरली तरी उगवते. इथं तसं नाही. काडी उलटी लावली तर मुळं येत नाहीत. खाली तिरका, वर सरळ ही खूण त्यासाठीच ठेवायची. दहा काड्या ओळीनं पडल्या की कुठलं टोक कुठलं हे अनुभवी माणसाच्याही लक्षात राहत नाही.

खालची सगळी पानं काढा, पण ओरबाडून नाही, देठाजवळ कापून. ओरबाडलं की साल निघते. वर फक्त दोन पानं ठेवा आणि ती मोठी असतील तर आडवी निम्मी कापा. पानं ठेवायचा जीव होतो हे खरं, पण चार मोठ्या पानांतून एका दुपारीत जेवढं पाणी उडतं तेवढं काडीला ओढता येत नाही. सगळीच पानं काढणंही चुकीचं. मुळांसाठी लागणारं अन्न याच दोन पानांतून तयार होतं.

कापलेल्या काड्या पिळलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवा आणि तासाभरात लावा. याला अपवाद चिकाची आणि रसाळ झाडं. चिकाच्या पांढऱ्या चाफ्याची (सोनचाफा नव्हे) काडी सावलीत ७ ते १० दिवस वाळवून मगच लावायची. ब्रह्मकमळाचं पान दोन दिवस, स्नेक प्लांटचे तुकडे तीन-चार दिवस. यांचा काप सुकून त्यावर साल धरली पाहिजे, ओला लावला तर तो तिथंच सडतो. स्नेक प्लांटच्या पिवळ्या कडेच्या पानाच्या तुकड्यातून येणारं रोप हिरवंच येतं. पिवळी कड हवी असेल तर गड्डा फोडून लावा.

टप्पा ४: मुळं फुटवायची पावडर, लागेल तिथंच

शेवंती, तुळस, कोलिअस, मनी प्लांट यांना पावडरीची गरज नाही. जास्वंद, मोगरा, गुलाब, अनंत, बोगनवेल यांना तिचा उपयोग होतो. त्यातलं काम करणारं द्रव्य म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड, थोडक्यात आयबीए. अर्ध्या निबर काडीला ०.१ ते ०.३ टक्क्यांची पावडर पुरते, त्याहून तीव्र पावडर निबर लाकडासाठी असते. पाकिटावर हा आकडा बघूनच घ्या.

थोडी पावडर कागदावर काढून घ्या. काडी थेट डबीत बुडवली तर ओलाव्यानं आणि बुरशीनं सगळी डबी वाया जाते. बुडाचा १ सेंटीमीटर भाग पावडरीला लावा, बोटानं टिचकी मारून जास्तीची झाडा. "थोडी जास्त लावली तर लवकर फुटेल" असं होत नाही. बूड भाजून काळं पडतं.

हळद, दालचिनी, मध यांत मुळं फुटवणारं संप्रेरक नाही. दालचिनीची चिमूट बुरशी थोडी रोखते, इतकंच.

टप्पा ५: लावणं, एकदाच पाणी, मग झाकण

मिश्रण कपात भरा, कप टेबलावर दोनदा आपटा, वरून दाबू नका. पेन्सिलीनं ४-५ सेंटीमीटर खोल भोक करा आणि काडी त्यात सोडा. काडीनंच भोक पाडायला गेलात तर पावडर वरच पुसली जाते. निदान एक डोळा आत गेला पाहिजे. दोन बोटांनी बाजूनं अलगद दाबा आणि कडेनं पाणी घाला, तळातून निथळेपर्यंत. राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा.

अर्धा तास निथळू द्या. मग कप स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवा आणि वजन कपावर लिहा. समजा १८० ग्रॅम भरलं. ते १४०च्या खाली उतरेपर्यंत पुन्हा पाणी नाही. काटा नसेल तर पहिल्या दिवशी कप हातात उचलून त्याचा भार लक्षात ठेवा. वरचा थर कोरडा दिसतोय म्हणून रोज चमचाभर पाणी घालणं, एवढ्या एका सवयीनं जितक्या काड्या जातात तितक्या बाकी सगळ्या चुका मिळून जात नाहीत.

झाकणाला दोन लिटरची बाटली निम्मी कापून तिचा वरचा भाग वापरा, किंवा दोन काड्या रोवून पिशवी चढवा. पानं झाकणाला चिकटू नयेत. झाकण किती उघडं ठेवायचं हे हवेवर अवलंबून आहे:

- जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर, बेळगावात घरातली हवाच ओली असते. बाटलीचं टोपण काढूनच ठेवा. पूर्ण बंद केलं तर चार दिवसांत पांढरी बुरशी येते.
- ऑक्टोबरनंतर टोपण लावा आणि रोज पाच-दहा मिनिटं काढा.
- मार्च-एप्रिलमध्ये टोपण बंद, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब.

तपासा: सकाळी झाकणाच्या आत बारीक दव दिसलं तर ठीक. पाण्याचे ओघळ उतरत असतील तर अर्धा दिवस उघडा. दिवसभर कोरडंच असेल तर मिश्रण वाळतंय.

टप्पा ६: जागा

पूर्वेच्या खिडकीपासून दोन फुटांवर, ऊन थेट न लागता. कौलारू घरात सोप्यातल्या खिडकीजवळ चालतं, माजघरात चालत नाही. भर दुपारी दिवा न लावता तिथं वर्तमानपत्र सहज वाचता आलं पाहिजे आणि कागदावर हात धरला तर सावली पुसट कडांची पडली पाहिजे. ठळक सावली पडली तर ऊन जास्त. झाकणाखाली थेट ऊन आलं की अर्ध्या तासात आत भट्टी होते.

टप्पा ७: वाट बघणं, आणि काय दिसतंय ते ओळखणं

कोलिअस ७ ते १० दिवस. तुळस आणि शेवंती दोन ते तीन आठवडे. जास्वंद, मोगरा, गुलाब चार ते सहा आठवडे. अनंत, बोगनवेल सहा ते आठ. थंडीत यात आणखी भर घाला.

कोंब आला म्हणजे मुळं आली असं नाही. काडीत साठलेल्या अन्नावर कोंब फुटतो, मुळं नसतानाही. लोक इथंच फसतात. कोंब दिसला की झाकण काढतात, उन्हात ठेवतात, पाणी वाढवतात आणि काडी जाते. कोंब आला तरी काही बदलू नका.

तिसऱ्या आठवड्यात बाहेरचा कप काढून बघा. जास्वंदीच्या बुडाला आधी पांढरट, खडबडीत फुगवटा दिसतो, तांदळाच्या फुगलेल्या दाण्यासारखा. पुष्कळ जण याला कीड किंवा बुरशी समजून काडी फेकतात. ही जखम भरल्याची खूण आहे. त्यानंतर आठ-दहा दिवसांत त्याच्या वरून पांढरी टोकं बाहेर पडतात आणि कपाच्या भिंतीला लागून खाली धावतात. बूड काळं, मऊ आणि वास येणारं असेल तर मात्र कुज आहे. ती काडी आणि मिश्रण दोन्ही टाका. वरचा भाग हिरवा, कडक असेल तर ३ सेंटीमीटर वर नवा काप घेऊन नव्या मिश्रणात लावता येते.

एखादं पान पिवळं होऊन गळलं तर घाबरू नका, ते काढून टाका. दोन्ही पानं गळली आणि दांडी हिरवी असली तरी जास्वंद, बोगनवेल, गुलाब यांना वेळ द्या. बारीक काळी चिलटं दिसली तर पाणी जास्त होतंय. वरचा थर सुकू द्या आणि त्यावर अर्धा सेंटीमीटर कोरडी वाळू पसरा.

पाण्यात लावणार असाल तर

मनी प्लांट, कोलिअस, तुळस पाण्यात छान फुटतात. जास्वंद, मोगऱ्याला मिश्रणच बरं. बाटली रंगीत घ्या किंवा कागद गुंडाळा, नाहीतर हिरवं शेवाळ धरतं. पाण्याखाली एकही पान नको. पाणी दर तीन दिवसांनी पूर्ण बदला, नुसती भर घालू नका. मुळं ३ ते ५ सेंटीमीटर झाली की कुंडीत हलवा. हातभर लांब होईपर्यंत ठेवलेली पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, मातीत जाताना मोडतात. हलवल्यावर पहिले दहा दिवस माती ओलसर राखा, कारण या मुळांना कोरड्याची सवय नसते.

टप्पा ८: झाकण उतरवणं आणि कुंडीत नेणं

मुळं ३ सेंटीमीटरची झाली आणि त्यांना बारीक फाटे दिसले की झाकण उतरवायला घ्या. एकदम नाही. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत आठवड्याभरात पूर्ण. मधे पानं मलूल झाली तर त्या दिवसापुरतं परत झाका.

मग ४-५ इंची कुंडी. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत आणि अर्धा भाग जाड वाळू. आठ इंची कुंडीत छोटं रोप ठेवू नका, न वापरलेली माती दिवसेंदिवस ओली राहते. कप दोन दिवस पाण्याविना ठेवून मग बाजू दाबा, मिश्रणाचा गोळा अख्खा निघतो. मुळांवरचं मिश्रण झटकू नका. आहे तसा गोळा कुंडीत, पूर्वी होतं त्याच खोलीवर.

तीन आठवडे कुठलंही खत नाही. आठवडाभर त्याच खिडकीत ठेवा, मग सकाळचं एक तास ऊन द्या, आणि पुढं दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास वाढवा. जास्वंद आणि मोगऱ्याला याच दिवसांत एखादी कळी धरते. ती खुडा. पुढं कुंडीच्या तळातून मुळं डोकावायला लागली की कळ्या राहू द्या.